धुतलेल्या गाडीचा हँडब्रेक

वडिलांचे अंत्यसंस्कार उरकून आल्यावर सगळ्यांनी आंघोळी केल्या, आणि सुतकाची म्हणून मी त्यांची गाडीही धुतली. मग हँडब्रेक ओढून ती अंगणात ठेवली. दहाव्या दिवशी, सुरतेच्या मानाने कडाक्याच्या थंडीत, तापीकाठी पिंडदानाला निघालो, तर गाडी जागची हलेना. गुरुजी घाटावर ताटकळत होते.

"भावोजींचा जीव अडकलाय," मामा म्हणाले. कावळा पिंडाला शिवेना की देतात तशी वचनं ते बॉनेटसमोर हात जोडून देऊ लागले. "भावोजी, ताईला आम्ही सांभाळू!" आईला त्यांनी वर्षभरात फोनही केला नव्हता.

शेवटी मेकॅनिक आला. मागच्या चाकांवर त्याने हातोडीचे चार ठोके मारले आणि मला म्हणाला, "भाई, ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवला तर गंजून चिकटणारच ना!"

गाडी हलली. "ऐकलं भावोजींनी!" मामांनी डोळे पुसले.

हीच गोष्ट वडील मला जन्मभर सांगत आले होते, आणि मी पुस्तकातून मान वर न करता "हो" म्हणत आलो होतो. घाटावर मी गाडी गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेकला हात लावला नाही. कावळा लगेच शिवला. श्रेय मामांनी घेतलं.