मंदाताईंची शेवटची ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. ती एवढंच म्हणाली असती, "तुम्हीसुद्धा?" तेवढंही ऐकायची माझी तयारी नव्हती.

मी मराठीचा प्राध्यापक होतो. युद्धावरच्या कविता शिकवताना म्हणायचो, रणांगणावरचं मरण ज्यांना मरायचं नसतं त्यांनाच सुंदर दिसतं. मुलं टिपून घ्यायची. निवृत्तीनंतर आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत माझ्याकडे एकच काम उरलं — झेंडावंदनाचं सूत्रसंचालन.

तळमजल्यावरच्या मंदाताईंचा मुलगा संदीप सीमेवर गेला. गेला म्हणजे — मेला. पाहा, अजूनही शब्द चुकवतोच आहे. सोसायटीनं श्रद्धांजलीची सभा ठेवली. फ्लेक्सवर संदीपचा फोटो छोटा, नगरसेवकांचा मोठा. मंदाताईंनी स्वतः कविता लिहून आणली होती. "माज्याच्यानं वाचवणार नाय सर. तुमी वाचा."

साधी कविता. लहानपणी संदीप फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरायचा. शेवटच्या फोनवर म्हणाला, सुट्टी मिळतेय, सुकटीची चटणी करून ठेव. आणि शेवटी — "तो मरायला नव्हता गेला, त्याला घरी यायचं होतं."

मी आयुष्यभर जे शिकवलं, त्यात याहून खरं काय होतं?

सेक्रेटरी कानाशी आला. "सर, रडकं नको हां. साहेब बसलेत समोर."

बस, एवढंच. कुणी धमकावलं नाही, हात पिरगाळला नाही. मी माइकवर सगळी कविता वाचली, आणि शेवटी म्हणालो — "तो मरणाला नव्हता भ्याला, त्याला देशासाठी जायचं होतं." मात्रासुद्धा नीट बसल्या. शिक्षणाचा तेवढा उपयोग झाला. टाळ्या वाजवत नगरसेवक उठले, मग सगळेच उठले. एकट्या मंदाताई बसून होत्या.

नंतर त्या माझ्याकडे आल्या. "सर, माजी शेवटची ओळ?"

"ताई, स्टेजवर असंच म्हणायचं असतं."

त्यांनी मान हलवली. सरांना कळत असणार — नाही का?

ती ओळ आता गेटजवळच्या संगमरवरावर कोरलेली आहे. खाली नाव मंदाताईंचं.

यंदा झेंडावंदनाला त्या आपणहून माइकपाशी आल्या. हातात कागद नव्हता. फटाके, पलंग, चटणी — सगळं त्यांचं. शेवट माझा. जराही न अडखळता.

टाळ्या थांबल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर म्हटली ना, सर?"

"बरोबर," मी म्हणालो.