सुभेदारमामींच्या उरलेल्या गोळ्या

आमच्या गल्लीत कुणी खोकलं, की सुभेदारमामी दारात हजर! हातात पत्र्याचा बिस्किटांचा डबा. मामा मिलिटरीतून रिटायर झालेले, म्हणून या सुभेदारमामी. कराडजवळच्या आमच्या गावात त्यांचं खरं नाव मी मतदार यादीतच वाचलं.

डब्यात घराघरांतून उरलेल्या गोळ्या. अर्ध्या कातरलेल्या पट्ट्या, नाव गेलेलं, तारीख गेलेली. मामी रंगावरून ओळखायच्या. तांबडी-काळी तापाला, पिवळी जुलाबाला, पांढरी लांबट कशालाही. आता तुम्ही हसाल, पण आमच्या ह्यांचा घसा बसला तेव्हा मीच त्यांना हाक मारली होती.

डॉक्टरांनी पाच दिवसांचं औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी अंग हलकं झालं, की मामी म्हणायच्या, "बास आता. बरं वाटल्यावर गोळी खायाची म्हंजी पोट भरल्यावर जेवायचं. ठेवा, दुसऱ्याला व्हईल." आम्हाला ते पटायचं. शिळी भाकरी कुस्करून खाणाऱ्या बायका आम्ही, चांगली गोळी टाकवते होय?

गावात घरोघरी फिरणारी आरोग्याची आशाताई सांगून दमली. "आवं मामी, अर्धवट घेतली, नको तिथं घेतली, की जंतू त्या औषधाला सरावत्यात. मग खरी गरज लागली की ते चालत न्हाई."

"तुज्या जन्माच्या आदीपासनं गोळ्या वळखती मी!" मामी म्हणायच्या. वर तिलाच चहा पाजायच्या.

मागच्या वर्षी तोडलेल्या उसाचा खुंट मामींच्या पायात घुसला. त्यात त्यांना साखर. दोन दिवस तांबडी-काळी घेतली, ठणका थांबला की बंद. परत ठणकलं की पांढरी. असा महिना काढला. पाय काळा पडायला लागला तेव्हा लेकानं कराडच्या दवाखान्यात नेलं. सोबत मी होते. पू तपासायला पाठवला, तर नेहमीची औषधं त्या जंतूंना लागूच पडेनात.

"आजी, आधी काय काय घेतलंत?"

मामी रंग सांगायला लागल्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

भारी इंजेक्शनं देऊन पाय वाचला. दोन बोटं गेली.

घरी आल्यावर मामी काठी टेकत दारोदार फिरल्या. दिलेली वस्तू परत मागायची आमच्यात रीत नाही, पण त्यांनी मागितली. सगळ्या पट्ट्या गोळा करून आशाताईच्या हवाली केल्या. माझ्या कपाटातही एक होती.

मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या की, मामी. नातीला सारखा ताप येतोय, अडीनडीला असावी."

मामी उंबऱ्यावरच बसल्या. "माज्या पायाला लागू पडली न्हाई, ती तुज्या नातीला पडंल व्हय गं? आन हिकडं."

आणून दिली.

आता मामी लेकाकडं सांगलीला असतात. मागच्या आठवड्यात माझ्या नातीला डॉक्टरांनी तपासून पाच दिवसांचं औषध दिलं. पाचव्या दिवशी पोरगी अंगणात उड्या मारत होती. धरून आणली आणि शेवटचा चमचा पाजला.