टेपमधली माझी बडबड

भिंत पडली तेव्हा मी घरातच होते. विटा पायावर आल्या, तोंडात धूळ गेली, काही दिसेना. टेपमध्ये माझाच तरुणपणचा आवाज गात होता. मग लाइट गेली आणि तोही बंद पडला.

आमच्या तलासरीकडे त्या साली दिवाळीपासून जमीन हलत होती. आधी खालून गुरगुर यायची, कोंबड्या गप्प व्हायच्या, मग भांडी वाजायची. सगळा पाडा अंगणात ताडपत्रीखाली राहायला आला होता. पूर्वी आमचं घर कुडाचं होतं. ते हललं तरी डुगडुगून थांबलं असतं. मुलाने हौसेने विटांचं बांधलं, त्याला आता हात जाईल एवढी भेग पडली होती.

पण होळीनंतर नातीचं लग्न होतं, नवरामुलगा गंजाड गावचा. हळदीचं गाणं म्हणणारी पाड्यात मीच उरले होते आणि मधल्या ओळी मला आठवत नव्हत्या. नणंदेच्या लग्नात भरलेली कॅसेट घरात होती. टेपची वायर आखूड, म्हणून आत बसून ऐकायचे.

सून दारातून ओरडायची, "आई, बाहेर या! मोबाइलवर हळदीची गाणी ढीगभर आहेत."

"ती लाव तुझ्या माहेरी."

"ही भिंत पडू दे, मग माहेरीच जाते!"

नेमक्या त्या ओळी आल्या की घोटाळा व्हायचा. टेपमध्ये मी चुकत होते आणि मागून माझी सासू हळूच बरोबर ओळी सांगत होती. त्यावर मी खेकसले होते, "गप गं म्हातारे, टेप चालू हाय!" बाया हसल्या होत्या. सासूचं सांगणं त्या हसण्यात बुडालं. आता ऐकताना मला लाज वाटली नाही, टेपमधल्या त्या पोरीचा, म्हणजे माझाच, राग आला. तिचं तोंड दाबावंसं वाटायचं. कॅसेट मागे घ्यायचे, कान टेपला लावायचे, आणि परत तीच खेकसायची.

त्या दुपारी गुरगुर आली ती मला टेपचीच घरघर वाटली. सून धावत आत आली, काखेत हात घालून तिने मला ओढलं, तेवढ्यात भिंत आली.

लग्न झालं. खाटेवर बसून गाणं मी म्हटलं, मधल्या ओळी गाळून. कुणाच्या लक्षातही आलं नाही, ते जास्त लागलं. त्या ओळी आता कुणालाच येत नाहीत.

सुनेचा खांदा मोडला, माझा पाय. घरात आम्ही दोघीच होतो. दोघीही जगलो.