शेडमधला संडास कुणामुळे झाला

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही — ते गेले, तोवर त्यांना ठाऊक नव्हतं. रविवारी चर्चमध्ये डोळे मिटले की म्हणते, बापा, माझ्या चुकांची क्षमा कर. चुका — असं मोघमच. नाव घेऊन कधी म्हटलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल, तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचणं-लिहिणं माझं मीच शिकले, तेव्हा बोलते तसंच लिहिणार.

मी मुकादम होते. नेवाशाच्या रस्त्याला एका शेठची कांद्याची शेड होती, तिथं माझी वीस-बावीस बायकांची टोळी. कांदा निवडायचा, लहान-मोठा वेगळा करायचा, गोण्या भरायच्या. बायका मी गोळा करायच्या, टेम्पोत मी बसवायच्या आणि शेठशी बोलायचं तेही मीच. बायकांचं शेठला सांगायचं, शेठचं बायकांना. यातलं दुसरं मला फार चांगलं जमायचं.

शेडला संडास नव्हता. मागच्या रानात ऊस होता तोवर आडोसा होता, ऊस तुटून गेला की तोही गेला. मग बायका काय करायच्या? पाणीच प्यायच्या नाहीत. सकाळी निघताना चहा अर्धा कप, दिवसभर नुसती चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. उन्हाळ्यात, पत्र्याखाली. लघवीला आग व्हायची, ओटीपोटात दुखायचं — आपसात कुजबुजायच्या, कामाला पुन्हा हजर. मीही तेच करायची. सवयच झाली होती म्हणा.

एकदा आमची हिराबाई गोणी शिवता शिवता आडवी झाली. सरकारी दवाखान्यात दोन दिवस सलाईन लागलं. डॉक्टरीण मलाच ओरडली, बायका पाणी का पीत नाहीत म्हणून. तेव्हा टेम्पोत सगळ्या म्हणाल्या, आक्का, तुमी शेठशी बोला. मी म्हटलं, बोलते. उद्या बोलते. असे किती उद्या गेले असतील? शेठने मला आधीच सुनावलं होतं — बायकांची कुरकुर माझ्यापर्यंत आणलीस तर दुसरी टोळी बघतो. हे मी बायकांना सांगितलं नव्हतं.

सुमन म्हणून एक होती. तिशीची, तोंडाने फटकळ, हाताला चलाख. वस्तीवर एका खोलीत भाड्याने राहायची, दोघं नवरा-बायको. एका दुपारी बाकीच्या झाडाखाली भाकरी खात होत्या, ही माझ्याजवळ आली.

"आक्का, तुमी बोलताय का मी बोलू?"

"तूच बोल," मी म्हटलं. "मी हाय पाठीशी."

असंच म्हटलं मी. शब्द न् शब्द आठवतो.

दोघी शेठच्या खोलीत गेलो. सुमन नीट बोलली, आवाज चढवला नाही. हिराबाईचं सांगितलं, स्वतःचंही सांगितलं — जे पुरुषमाणसापुढे बोलायला बाईची जीभ रेटत नाही, ते. शेठ ऐकत होता. मग तिच्याकडे न बघता माझ्याकडे वळला.

"मार्थाबाई, हे सगळ्यांचं म्हणणं हाय का हिचं एकटीचं?"

आता तुम्हीच सांगा, किती सोपं होतं. एक शब्द. सगळ्यांचं.

मी म्हटलं — "तिचं एकटीचं."

सुमनने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती बघत राहिली, जणू मी अजून काहीतरी बोलणार आहे. शेठ म्हणाला, उद्यापासून येऊ नको. ती तशीच मागच्या बाजूने रस्त्याला लागली, वस्तीवर परत आलीच नाही. संध्याकाळी बायकांनी विचारलं, सुमन कुठंय? मी म्हटलं, तिसगावहून माहेरचा निरोप आला, गेली. आठवडाभरात तिच्या नवऱ्याने खोली खाली केली. मग मी म्हटलं, तिकडं बरं काम मिळालं तिला. बायका चिडल्या तिच्यावर. एवढी तोंडावर बोलणारी आणि सांगून नाही गेली, म्हणाल्या. मी ऐकून घेतलं.

दोन-अडीच महिन्यांनी शेठने संडास बांधला. मला म्हणाला, ती बाई बोलली ते डोक्यातून जाईना. खरंच बोलत होती. — तेव्हा तरी मी म्हणायचं ना, की मग तिला परत बोलवा? मी म्हटलं, दाराला कडी आतून चांगली मजबूत लावा.

आणि बायकांना वाटलं, हे आक्कांनी केलं. मी कधी "हो" म्हटलं नाही. "नाही" पण म्हटलं नाही. पुढच्याच हंगामात दुसरा मुकादम जास्त मजुरी सांगत आला, तर एकही बाई हलली नाही. आमची आक्का आमच्यासाठी शेठपुढं उभी राह्यली, म्हणाल्या. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पाळ्या लावून डबा आणला. अकरा वर्षं माझ्यामागे चालल्या त्या. म्हणजे कुणाच्या मागे चालल्या?

मध्ये तिसगावच्या बाजारात सुमन दिसली. मेथी विकत बसली होती. मला वाटलं, आता चार माणसांत बोलेल. तिने जुडी बांधून दिली आणि विचारलं, "बायका पाणी पितात का आता, आक्का?"

"पितात," मी म्हटलं.

"बरं झालं," म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिथं तरी तिची माफी मागता आली असती. मी पिशवी उचलून निघाले.

आता काम सोडून मला तीन वर्षं झाली. गेल्या नाताळला बायका फराळाला आल्या, सोबत टोळीतली एक नवी मुलगी होती, नुकतीच लग्न होऊन आलेली. हिराबाई तिला सांगायला लागली, आक्कांनी शेठच्या टेबलावर हात आपटला, म्हणाल्या माझ्या बायका माणसं हायेत. दरवर्षी ती गोष्ट थोडी वाढते. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. करंज्यांचं ताट घेऊन बाहेर आले, तर ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "आक्का, तुमाला भीती न्हाई वाटली?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "न्हाई बाई. कशाची भीती." आणि तिच्या ताटलीत अजून एक करंजी वाढली.