आर्मेलच्या बोटांचे ठसे

ब्रेस्टची गोदी सोडून आर्मेल केमेनेर पॅरिसच्या उत्तरेकडच्या उपनगरातल्या प्रयोगशाळेत लागला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. चौऱ्याण्णव साली तो छप्पन्नचा झाला. मधली सगळी वर्षं त्याने एकच काम केलं: पोलादी पिंपातली हवा उपसून काढायची आणि तिला परत आत शिरू द्यायचं नाही. त्याने आवळलेला जोड कधी गळला नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख सोलांज प्रादो पाहुण्यांना सांगायच्या, "यंत्र यांचं. मी नुसती प्रश्न विचारते."

त्या वर्षीचा प्रश्न ॲसिटोनायट्राइलचा होता. या रेणूचं एक टोक जरासं धन, दुसरं जरासं ऋण. त्याला एक जादा इलेक्ट्रॉन दिला, तर तो रेणूच्या आत शिरत नाही. धन टोकाच्या ओढीने बाहेरच्या बाहेर, लांबवर पसरून राहतो. असा ऋण आयन बनवायला लेसरने झेनॉनचे अणू फुगवायचे, म्हणजे त्यांचा बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल होतो. मग थंडगार रेणूंच्या झोताशी त्यांची गाठ घालायची. जाता जाता तो सैल इलेक्ट्रॉन अणूकडून रेणूकडे जातो.

सकाळी शर्टाची बटणं लावून देणाऱ्या बायकोला, जोसियानला, आर्मेल हे सांगत होता.

"म्हणजे घरात घेतलं नाही, पायरीवर बसू दिलं," ती म्हणाली. "आमच्या भावासारखं. आतही येत नाही, जातही नाही."

"हा जातो. जरा धक्का लागला की गेला."

"मग भावापेक्षा बरा." तिने शेवटचं बटण लावलं. "मादामना सांगितलंस का रे, बोटांचं?"

"सांगतो."

"गेल्या इस्टरपासून सांगतोयस."

त्याच्या बोटांच्या टोकांतल्या नसा मरत चालल्या होत्या. गेलेली जाणीव परत येत नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

इकडे यंत्र छळत होतं. सुरू केलं की वीस मिनिटं आयन छान मोजले जायचे. मग आकडा उतरत उतरत शून्यावर यायचा. चार महिने हाच खेळ. पंप बदलले, लेसर तपासला, तारा नव्या घातल्या. आर्मेलने पिंप अकरा वेळा उघडून पुन्हा जोडलं, आणि दर खेपेला आकडा जास्तच वेगाने उतरायला लागला.

एका मंगळवारी दुपारी त्याने आतली एक पोलादी चकती सहज खिडकीकडे तिरकी धरली. कडेला पाच लंबगोल डाग होते, त्याच्याच बोटांचे.

तो स्टुलावर बसला. हातमोजे घातले की गव्हाच्या दाण्याएवढा स्क्रू त्याच्या हाताला लागेनासा झाला होता, म्हणून वर्षभर तो उघड्या हातांनी जोडणी करत होता. बोटांचा तेलकटपणा चकतीवर बसत होता. त्या थरावर भरकटलेला विद्युतभार हळूहळू साठत होता आणि बिचाऱ्या संथ आयनांना वाटेतच बाजूला ढकलत होता. साठायला वीस मिनिटं लागत होती. पुसून गप्प बसलं असतं तर कुणाला कळलं नसतं. त्याने चकत्या स्पिरिटने पुसल्या, हातमोजे चढवले आणि पहिला स्क्रू उचलला. तो पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. सातव्यांदा तो टेबलाखाली गेला तेव्हा आर्मेल वाकलाच नाही.

चकती घेऊन तो सोलांजबाईंच्या खोलीत गेला.

"दोष सापडला. मीच आहे."

त्यांनी चकती बघितली, मग त्याचे हात. "केव्हापासून?"

"वर्ष झालं."

"आणि चार महिने तुम्ही मला लेसर तपासायला लावलात?"

"मला खरंच माहीत नव्हतं, मादाम. बोटांचं माहीत होतं. डागांचं नव्हतं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "बसा ना, आर्मेल." एकतीस वर्षांत बसा म्हणायची वेळ आली नव्हती.

जोडणी करायला शेजारच्या विभागातली नादेज आली. रेयुनियन बेटावरची, चाळिशीची, स्थिर हाताची. आर्मेल बाजूला उभा राहून सांगत होता, ती जोडत होती. एकदा तिचा पाना किंचित तिरका बसला. आर्मेलचा हात आपोआप पुढे गेला आणि मध्येच थांबला.

"काय झालं, मस्यो केमेनेर?"

"काही नाही. डावीकडे घ्या थोडा."

गुरुवारी यंत्र सुरू झालं. वीस मिनिटं झाली, तास झाला, आकडा हलला नाही. मग सोलांजबाईंनी विद्युतक्षेत्र वाढवत नेलं. एका ठरावीक टप्प्यावर आकडा धाडकन खाली आला. जादा इलेक्ट्रॉन सुटून निघून गेले होते. किती हलके धरलेले होते, तेच आता मोजता आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नादेज त्याच्याकडे वळून म्हणाली, "हे तुमचंच आहे हो."

"हो, हो," आर्मेल म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत तो भांडारातल्या नव्या टेबलावर गेला. तिथे त्याला आता जोडणीऐवजी पावत्यांवर शिक्के मारायचं काम दिलं होतं. शिक्क्याची मूठ जाड होती, धरता येत होती. खालच्या मजल्यावर पंप चालू होते. त्यांतल्या एकाचा आवाज जरा घोगरा येत होता, तेल बदलायला झालं होतं. त्याने फोन उचलून नादेजचा नंबर फिरवायला घेतला. तीनदा चुकीचा लागला.

शेवटी तो जिन्याकडे निघाला, सांगायला.