श्री. श्मिट, मुक्काम पंचवटी

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या ढुंढिराज गायधनींना पाच परदेशी भाषा येतात. हे वाक्य मी जपून लिहितो आहे, कारण त्याबद्दल खुद्द त्यांच्या घरातच दुमत आहे. त्यांच्या पत्नी उत्तरावहिनी म्हणतात, "येतात कसल्या? रोज सकाळी जातात खिडकीतून बाहेर."

गायधनींचं घराणं तीर्थोपाध्यायांचं. चुलतभाऊ प्रफुल्ल अजून रामकुंडावर यजमान सांभाळतो. ढुंढिराज मात्र पालिकेच्या पाणीपट्टी विभागात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण मुंजीनंतर वडिलांनी त्यांना संथा दिली होती. वडिलांनी ओळ एकदा म्हणायची, यांनी डुलत, हात वरखाली करत दोनदा म्हणायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मधूनच कुठून सुरू करायचं नाही आणि जीव गेला तरी अक्षर बदलायचं नाही. ढुंढिराज पुढे भिक्षुकीत गेले नाहीत, पण ही शिस्त त्यांच्या हाडात गेली.

मग मेनरोडवरच्या रद्दीच्या दुकानात त्यांना 'घरबसल्या रशियन' सापडलं. ते त्यांनी घरबसल्या संथा घेऊन पाठ केलं. रशियनच्या मागोमाग जपानी आली, मग फ्रेंच, स्पॅनिश, आणि शेवटी जर्मन. सकाळी आंघोळ करून, पाटावर बसून, हात वरखाली. खालून जाणाऱ्याला वाटे, रुद्राची आवर्तनं चालली आहेत. विंचूरकडचा एक शेतकरी तर जपानीचा सातवा धडा (विषय: छत्री हरवणे) खिडकीखाली हात जोडून शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला आणि दाराशी नारळ ठेवून गेला.

पुतण्या धवलने त्यांच्या फोनवर भाषा शिकवणारं अ‍ॅप घालून दिलं. ते त्यांनी आठवड्यात काढून टाकलं. "शिस्त नाही," म्हणाले. "आज सफरचंद विचारतं, उद्या एकदम आत्या."

पण भाषा म्हटली की समोर माणूस हवा. त्यासाठी ते संध्याकाळी गोदाकाठी जात. एकदा एक फ्रेंच गृहस्थ सापडले. ढुंढिराज पुढे झाले आणि म्हणाले, नमस्कार, मी पिएर, लियाँला राहतो, मला दोन बहिणी आहेत. गृहस्थ जरा दचकले, पण माणूस सज्जन. त्यांनी काळाराम मंदिराचा रस्ता विचारला. आता, रस्त्याचा धडा अकरावा. ढुंढिराज दुसऱ्यापासून निघाले. सहाव्या धड्यात पिएरची न्याहारी चालू असताना पाहुणे रिक्षात बसून गेले.

मी नंतर म्हटलं, अहो, निदान नाव तरी स्वतःचं सांगायचं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी गायत्रीमंत्रात घरचा पत्ता घालायला सांगितला होता. "पाठभेद होतो," ते म्हणाले.

असं सगळं सुखात चाललं होतं, तेवढ्यात त्यांची मुलगी सई लग्नाचं बोलली. सई स्टुटगार्टला इंजिनिअर. तिथल्याच योनासशी तिचं जमलं होतं आणि पुढे दोघांनी नाशिकला येऊन काम सुरू करायचं, असं त्यांच्या मनात होतं. अडचण योनासच्या आईची. हेल्गाबाई विधवा, मुलगा एकुलता एक. बाई नाही म्हणत नव्हत्या, पण हो म्हणायलाही त्यांची जीभ उचलत नव्हती. आपला मुलगा अशा घरात जाणार, जिथे आपल्याशी चार शब्द बोलणारं कुणी नाही, हे त्यांना खुपत होतं. इंग्रजी त्यांना येत नाही. तेव्हा सईने अभिमानाने सांगितलं, की माझे बाबा जर्मन बोलतात. हेल्गाबाई म्हणाल्या, मग मी येते, त्यांच्याशी बोलते आणि तिथेच काय ते सांगते.

सईने फोनवर हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "बाबा, लग्न तुमच्या जर्मनवर आहे."

"मग दुसरा मुलगा बघ," वहिनी मागून म्हणाल्या.

त्यानंतर इमारतीत जर्मनशिवाय दुसरं काही ऐकू आलं नाही. रोज तीसच्या तीस धडे, सकाळ-संध्याकाळ. आमची मोलकरीण गोजराबाई भांडी घासताना पंधराव्या धड्याच्या चालीवर डुलायला लागली.

पाहुणे आले त्या दिवशी गायधनींकडे आमचे चांगले कप गेले, आणि कपांबरोबर मीही गेलो. हेल्गाबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, ताठ. न सांगता बूट दाराबाहेर काढले, तेव्हाच वहिनींच्या मनात त्या निम्म्या पास झाल्या. योनास बिचारा सोफ्याच्या कडेवर बसून होता. सई मधे भाषांतराला बसणार, तर हेल्गाबाईंनी तिला हातानेच थांबवलं. त्यांना स्वतः बोलायचं होतं.

ढुंढिराज उठले. हात जोडले. स्पष्ट, खणखणीत जर्मनमध्ये त्यांनी आपल्या होणाऱ्या विहीणबाईंना सांगितलं, की मी श्री. श्मिट, ब्रेमेनला राहतो आणि बटणांचा व्यापार करतो.

सईने डोळे मिटून घेतले. हेल्गाबाईंनी आधी सईकडे पाहिलं, मग ढुंढिराजांकडे, मग भिंतीवरच्या त्र्यंबकेश्वराच्या तसबिरीकडे, आणि व्यापार कसा चालला आहे असं गंभीरपणे विचारलं. हा प्रश्न नेमका पहिल्याच धड्यातला निघाला. उत्तर धाडकन आलं. बाई हसल्या. प्रवास, हवा, तब्येत, असे तीन धडे सुरळीत पार पडले. ढुंढिराज डुलायला लागले. हात वरखाली व्हायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा समोरचं परदेशी माणूस रिक्षात न बसता ऐकत होतं.

मग हेल्गाबाईंनी कप खाली ठेवला आणि हळू आवाजात एक प्रश्न विचारला. सईने मला तो कुजबुजत सांगितला. मी म्हातारी होईन, इथे येईन, मुलं कामावर जातील. तेव्हा या घरात मी कुणापाशी बसायचं?

हा प्रश्न तीसपैकी एकाही धड्यात नव्हता.

ढुंढिराजांचा हात वरच राहिला. प्रश्न त्यांना कळला होता, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. उत्तरही कळलं होतं. फक्त ते कुठल्या धड्याच्या पोटात आहे, ते सापडेना. पुटपुटत ते पाचवा धडा ओलांडून सहाव्यात शिरले. स्टेशन आलं, पोस्ट ऑफिस आलं, दाताचा डॉक्टर आला. हेल्गाबाई थांबल्या होत्या, पण त्यांचे खांदे हळूहळू खाली येत होते. सईने तोंड उघडलं, तर बाईंनी पुन्हा हात वर केला.

ढुंढिराज शेवटी दाताच्या डॉक्टरपाशीच अडले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोकडे वळले. पुढे जे बोलले ते मराठीत. "अगं, ती म्हातारी येते, पाऊस असतो, तिला खुर्ची देतात. तो कुठला गं?"

"कुकरचा," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणायला लागलात की माझा कुकर होतो. तो."

आणि हातातला चिवड्याचा वाडगा तसाच धरून वहिनी सुरू झाल्या. अर्थाचा एक शब्द ठाऊक नाही. पण वर्षभर भिंतीपलीकडून ऐकलेलं, सूर अन् सूर बरोबर, शेवटच्या शब्दावर मान खाली. या, आत या. बाहेर पाऊस आहे. ही खुर्ची तुमची. सूप गरम आहे. आता कुठे जाता, बसा आमच्यापाशी. एवढं म्हणून त्या थांबल्या, कारण त्यांच्या हिशेबाने इथे शिट्टी होते आणि गॅस बंद करायला उठावं लागतं.

ढुंढिराज बायकोकडे असे पाहत होते, की जणू तिने त्यांच्या खिशातून त्यांचंच घड्याळ काढून दाखवलं होतं. "पुढचं म्हण ना," ते म्हणाले.

"पुढचं मला नाही येत. पुढे मी पोळ्या लाटते. तुम्ही म्हणा."

मग पुढचं त्यांनी म्हटलं. एक धडा तो, पण दोघांनी मिळून पुरवला. हेल्गाबाई आधी हसत होत्या, मग हसता हसता त्यांनी चष्मा काढला. त्या उठल्या, वहिनींच्या हातातला वाडगा घेतला आणि त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. आतून काही वेळ दोन आवाज येत राहिले. एक सरळ मराठी, एक सरळ जर्मन, आणि मधे डब्यांची झाकणं. बाहेर आम्ही चौघं एकमेकांकडे बघत बसलो. ढुंढिराज दोनदा दारापर्यंत जाऊन आले. आत त्यांना कुणी बोलावलं नाही.

बाई बाहेर आल्या त्या पदर खोचल्यासारख्या, बाह्या वर सारून. योनासच्या डोक्यावर हात ठेवला. सईच्याही ठेवला. आणि ढुंढिराजांसमोर उभ्या राहून विचारलं, की लग्न कधी?

सईने सुट्टी काढून डिसेंबर पक्का केला होता. ढुंढिराजांना तो माहीत होता. तो सांगायचा म्हणून ते निघाले, अर्थात यानुआरपासून. यानुआर झाला, फेब्रुआर झाला, मेर्त्स म्हणून श्वास घ्यायला थांबले.

"मेर्त्स," हेल्गाबाई टाळी वाजवून म्हणाल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन गदगदा हलवला.

सई उठून उभी राहिली. तिची रजा, हॉल, तिकिटं, सगळं तिच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. वहिनींनी तिला खांदा धरून खाली बसवलं.

"असू दे गं मार्च," त्या म्हणाल्या. "द्राक्षं तरी असतात."