भागीरथाबाईचा ळ

झाडीपट्टीत नाटक पाठ करत नाहीत, ऐकतात. दिवाळी सरली की होळीपर्यंत गावोगाव नाटकं. आज या कंपनीत बाप झालेला नट उद्या दुसऱ्या कंपनीत दरोडेखोर. तालमीला सवड कोणाला? म्हणून रंगमंचाच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांकडे पाठ करून प्रॉम्टर बसतो. संहिता त्याच्या मांडीवर. वाक्य आधी तो म्हणतो, नट ते वरच्या वर झेलतो, त्यात जीव ओततो आणि लोकांवर फेकतो. न पाहिलेल्याला ही किमया खरी वाटणार नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालत आली आहे.

भागीरथाबाईनं उभी हयात हेच केलं. वडशाच्या गुणवंतरावांच्या कंपनीत ती भांडखोर मावशी व्हायची, बहिरी सासू व्हायची, दारुड्याला झाडूनं बदडणारी बायको व्हायची. ती नुसती विंगेतून डोकावली तरी मंडप हसायला लागायचा. पण पडदा पडल्यावर, मावशीचं लुगडं घडी करून पेटीत ठेवताना, तिच्या मनात एकच यायचं. एकदा तरी नायिका व्हायचंय. एकदा तरी लोकांनी आपल्यासाठी रडावं.

आडवं येत होतं एक अक्षर.

बाई मूल नावाच्या गावाजवळच्या धानाच्या खेड्यातली. तिथं डोळ्याला डोरा म्हणतात, काळीला कारी, फळाला फर. सगळी झाडी असंच बोलते, आणि गोड बोलते. पलीकडे वऱ्हाडात गेलं की तोच डोळा डोया होतो. भागीरथाबाईच्या जिभेला ळ कधी भेटलाच नव्हता. विनोदी पात्राचं त्यावाचून अडत नाही, उलट रंगत वाढते. पण कंपनीच्या नायिका शिकलेल्या, शहरी. त्यांचे संवाद छापील मराठीत.

"बाई, तुमी मनाले लावून घेऊ नका," गुणवंतराव म्हणायचे, "पन तुमी तोंड उघडलं का लोकं हसतेत. न्यायाधीशीणच 'कारा कोट' म्हनन तं फासीचा आरोपी बी पोट धरून हसन!"

त्या साली मंजुषा कंपनीची नायिका होती. नागपूरची देखणी पोरगी. भर हंगामात तिला मुंबईच्या मालिकेत काम मिळालं आणि ती गेली. ताडोब्याच्या बाजूच्या एका गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, 'काळजात कोसळली वीज' लागलं होतं, सुपारी घेऊन झाली होती, आणि त्यातल्या नायिकेच्या, न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायला कोणी नव्हतं.

"मी बसतो," भागीरथाबाई म्हणाली.

गुणवंतरावांनी पानाची चंची बाजूला सारली. मग म्हणाले, "एक खेळ देतो. जमलं तं मंजुषाची जागा तुमची. नाई जमलं, तं मावशीच राहाल, मंग पुन्हा मागाचं नाई."

"नाई मागत."

आता हा ळ कोण, कुठला? मोठा जुना गडी आहे. वेदांच्या काळच्या संस्कृतात तो होता, पुढच्या संस्कृतातून उठून गेला. हिंदीनं त्याला घरात घेतलं नाही. आपला टिळा तिथं टीका होतो. गुजरातीत आहे, तिकडे ओडियात आहे, आणि दक्षिणेत तर त्याचं मोठं खटलं! कानडी, तेलुगू, तमिळ, मल्याळम, सगळीकडे त्याचा पाट मांडलेला. दक्षिणेच्या शेजारामुळेच तो मराठीत टिकला, असं काही जाणकार म्हणतात. प्रत्येक लिपीत त्याचा वेश निराळा. आपल्याकडे जोडीनं टांगलेल्या झुमक्यांसारखा दिसतो. आणि एवढा मानाचा असून मराठीत एकही शब्द त्याच्यापासून सुरू होत नाही. वर्णमालेत 'ह'च्याही मागे उभा. नाटकात अशी पात्रं असतात. पहिली एंट्री त्यांना कधी मिळत नाही, पण त्यांच्यावाचून खेळ उभा राहत नाही.

भागीरथाबाईला हा ळ भेटला कंपनीच्या चुलीपाशी.

कंपनीचा स्वयंपाक करायची समक्का. गोदावरीकाठची, सिरोंच्याची. घरची भाषा तेलुगू, मराठी मोडकी, तोंड तिखट. बाई चुलीजवळ बसून संहिता पुटपुटत होती, "कारीज... काल्‌ईज... कायीज..." तेवढ्यात समक्का आपल्या पोरीवर ओरडली, "नीळ्ळु! नीळ्ळु तेच्चावा?"

बाईचे कान टवकारले. "काय म्हनलं वं तू?"

"पानी आनलं का, असं म्हनलं."

"मराठीत नोको सांगू. तेच पुन्हा म्हन."

"नीळ्ळु."

बाई तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन पाहायला लागली. समक्का लाजली. "काय बघते? दात मोजते का?"

"जीभ कुठी ठेवतं? दाखव."

समक्कानं आ करून तोच शब्द म्हटला. जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकत होतं. समक्काला स्वतःलाही ते आजवर ठाऊक नव्हतं! नीळ्ळु म्हणजे पाणी, कळ्ळु म्हणजे डोळे, पेळ्ळि म्हणजे लग्न. ती जन्मभर हे म्हणत आली होती, श्वास घ्यावा तसं. त्या दिवसापासून तिनं नेम केला. बाईला तहान लागली तर तेलुगूत पाणी मागायचं. 'नील्लु' म्हटलं तर लोटा मागे. 'नीर्रु' म्हटलं तर लोटा मागे आणि वर शिवी. बाई तांदूळ निवडताना, ठेचा कुटताना, बसमध्ये, नदीवर धुणं आपटताना संहितेतली वाक्यं म्हणत राहिली. कंपनीतले लोक म्हणाले, बाई याडली. एका सकाळी चुलीपाशी स्वच्छ, टाळूवर टिचकी मारल्यासारखा शब्द उमटला आणि समक्कानं लोटा पुढे केला. बाई पाणी प्यायची विसरली. नुसती हसत बसली.

मंडईचा दिवस आला. त्या गावच्या शिवारात वाघ फिरत होता. अंधार पडायच्या आत बायकापोरं घरी पोचली पाहिजेत, म्हणून नाटक आणणाऱ्या गावमंडळानं ते भर दुपारीच लावलं. रात्रभर खेळणाऱ्या झाडीपट्टीच्या नटाला असं ऊन सोसत नाही. राजवाड्याच्या पडद्यावरची ठिगळं दिसतात, घामानं पावडर ओघळते, आणि एरवी अंधारात दडलेला प्रॉम्टर साऱ्या गावाला दिसतो. ऐकूही येतो.

प्रॉम्टर होते मुखरूभाऊ. म्हातारे, मायाळू, बाईला बहीण मानणारे. तेही झाडीचेच, त्यांच्याही जिभेवर ळ नव्हता. बाईला आपल्यामुळे दगा नको, म्हणून त्यांनीही गुपचूप ळ शिकून घेतला होता. शिकले, पण तो कुठं घालायचा आणि कुठं नाही, हे शिकायचं राहून गेलं.

पडदा वर गेला. काळा झगा घालून भागीरथाबाई खुर्चीवर बसली. मावशी न्यायाधीश झालेली पाहून दोनचार जण फिसकन हसलेच. मुखरूभाऊंनी छाती भरून पहिलं वाक्य दिलं:

"आळोपीला कोळ्टात हजळ कळा!"

मंडपात खसखस पिकली. बाईनं तोंड उघडायच्या आत त्यांनी पुढचं, वकिलाचं वाक्यही दिलं. वकील झालेल्या सुरजला सवय अशी मुरलेली, की डोक्यात न घेता त्यानं ते जसंच्या तसं झेललं, "होय सळकार! आळोपी हजळ आहे!"

आता मंडप फुटला. पोरांनी मोबाईल वर केले. विंगेत गुणवंतरावांनी कपाळावर हात मारला. मुखरूभाऊंना वाटलं, आवाज कमी पडतोय, म्हणून ते आणखी जोरानं, "खळं बोल! खळं खळं बोल!"

आता पाळी बाईची. प्रॉम्टरचा शब्द म्हणजे नटाचा श्वास. तो घ्यावा तर हसं, न घ्यावा तर पुढे काय बोलायचं? क्षणभर तिला मावशीचं लुगडं दिसलं. आणि मग ध्यानात आलं, की पुढचं वाक्य आपल्याला येतं. त्याच्या पुढचंही येतं. ळ घोटता घोटता अख्खी संहिता पोटात उतरली होती! वीस-पंचवीस वर्षांत नाटक पाठ करणारी कंपनीतली ती पहिली नटी, आणि तिला स्वतःलाच ते आता कळत होतं.

तिनं लाकडी हातोडा मेजावर आपटला.

"शांतता! न्यायालयात बसून आरोपीला पढवणाऱ्या त्या इसमानं तोंड बंद करावं, नाहीतर या न्यायाधीशाला त्याला बाहेर काढावं लागेल!"

हातोडा थेट मुखरूभाऊंकडे रोखलेला. मुखरूभाऊंनी संहिता मिटली आणि दोन्ही हात जोडले. लोकांना वाटलं हे नाटकातच आहे. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की झाडावरची वानरं पळाली.

त्यानंतर ती कोणासाठी थांबलीच नाही. सुरजला वाक्य आठवेना, तर त्याचं वाक्य तिनंच प्रश्न करून त्याच्या तोंडात ठेवलं. मग त्याच लाचखाऊ वकिलावर ती गरजली, "वकीलसाहेब, त्या काळ्या कोटाखाली काळीज आहे, की नुसता काळोख?" एकेक ळ टाळूवरून असा सुटला, जशी ताणलेल्या तारेवरून नखी. शिट्ट्या थांबेनात. मागून कोणी ओरडलं, "वन्समोर!" तिनं मान तुकवली आणि दिला वन्समोर.

शेवटच्या अंकात खुनाच्या आरोपाखाली उभी असलेली म्हातारी मजुरीण ही न्यायाधीशाची हरवलेली आई निघते. छापील वाक्य होतं, 'आई, तुझ्या डोळ्यांत पाणी?' ते तिला आता लख्ख म्हणता येत होतं. ती खुर्चीवरून उठली, पायऱ्या उतरली, म्हातारीपाशी जमिनीवर बसली, आणि हळूच म्हणाली, "माय, तुया डोऱ्यात पानी काऊन वं?"

पोरांचे मोबाईल खाली आले. मग एका बाईनं पदर तोंडाला लावला. मग तिच्या शेजारणीनं. भागीरथाबाईसाठी लोक रडत होते.

पडदा पडल्यावर मुखरूभाऊ खाली मान घालून आले. "बाई, तुमच्यासाठीच शिकलो होतो वं."

"शिकले तं बेस केलं, भाऊ. पन ळ एवढा वाटाचा असते का? गावजेवन घातलं तुमी त्याचं!" आणि ती त्यांच्या पाया पडली. थोरल्या भावाच्या पडावं तशी.

तिकडे शेजारच्या गावच्या मंडळाचे सोमाजी गुणवंतरावांना गाठून उभे होते. "हाच खेळ पाहिजे. अन् बाई हीच पाहिजे. दुसरी आनली तं मंडप उभारू नाई."

"दुसरी हायेच कुठी?" गुणवंतराव म्हणाले.

ऊन कलायला लागलं, सामान चढलं. कंपनीच्या गाडीत ड्रायव्हरशेजारची जागा नायिकेची, बाकीच्यांनी मागे पेट्यांवर बसायचं, असा रिवाज. भागीरथाबाई सवयीनं मागे चढायला निघाली, तर गुणवंतराव पुढचं दार उघडून उभे. बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, पदर सावरला, आणि एखादी राणी हत्तीवर चढावी तशी वर चढून बसली.

"चाल रे बाबा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "उद्याचं गाव लांब हाय."